तोंडातले जंतू, दादाचा मावा आणि तीन बोटं

वाळवा तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याचं पत्र आलं आहे. त्याच्या विनंतीवरून नाव-गाव छापत नाही. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग असा:

"मॅडम, मी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारला मी तोंडातले जीवाणू, त्यांचे मेटाबोलाइट आणि तोंडाचा कॅन्सर हा विषय घेतला. घरी मोठ्यानं वाचून तयारी करत होतो. माझा दादा, वय ३४, कारखान्याला ऊस ओढणारा ट्रॅक्टर चालवतो. बारा वर्षं मावा खातो. त्यानं माझं वाचन ऐकलं आणि म्हणाला, 'लेका, तुझ्याच पुस्तकात लिवलंय की जंतूंनं हुतंय म्हणून. मग माव्याला कशाला नावं ठेवताय? दात घासतो, गुळण्या करतो, झालं.' तेव्हापासून ट्रॅक्टरमध्ये माउथवॉशची बाटली असते आणि मावा पहिल्यासारखाच चालू आहे. दिवाळीपासून त्याला खर्डा खाववत नाही, तोंड भाजतं म्हणतो. पूर्वी उसाचं कांडं दातानं सोलायचा, आता कोयत्यानं बारीक तुकडे करून खातो. डाव्या गालात आतून पांढरं दिसतं. आई मिसरी लावते, म्हणते मिसरीनं किडे मरतात. दादानंच माझी फी भरलीय, मी त्याच्यापुढं काय बोलणार? जंतूंमुळे कॅन्सर होतो हे खरं की खोटं? माउथवॉश किंवा प्रोबायोटिकचा उपयोग होतो का? आणि दादाला सांगायचं कसं?"

बाळा,

तुझ्या पत्रातली उसाच्या कांड्याची ओळ वाचली आणि पत्र क्षणभर खाली ठेवलं. तू ती जाता जाता लिहिली आहेस. पण तुझ्या तिन्ही प्रश्नांपेक्षा ती ओळ मोठी आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहिते. सेमिनारचं नंतर बघू.

तिखट लागलं की तोंड भाजणं, पूर्वीइतका जबडा न उघडणं आणि गालाला आतून पांढुरकेपणा येणं, ही तीन लक्षणं सुपारी खाणाऱ्या माणसात (आणि मावा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुनाच) एकत्र दिसली की आम्हा दातांच्या डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव येतं ते सबम्युकस फायब्रोसिसचं. गालाच्या आतलं मऊ अस्तर हळूहळू ताठ होत जातं, आत दोरीसारखे पट्टे जाणवायला लागतात. हा कॅन्सर नव्हे. पण कॅन्सरच्या आधीच्या ज्या अवस्था आम्ही ओळखतो, त्यातली ही एक आहे. केरळच्या एर्नाकुलम भागात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं गेलं, त्यातल्या ७.६ टक्के लोकांना पुढे तोंडाचा कॅन्सर झाला. म्हणजे बहुतेकांना झाला नाही, हेही त्याच आकड्यात आहे. दादाला हे आकडे सांगायची वेळ आली तर दोन्ही बाजू सांग.

डाव्या गालातलं पांढरं हे त्याच आजाराचं आहे, की मावा जिथं दाबून ठेवतो तिथला वेगळा चट्टा आहे, की अगदी साधं काही आहे, हे पत्रावरून मला सांगता येणार नाही आणि कुणालाच येणार नाही. ते बोटानं चाचपून, उजेडात बघून आणि गरज पडली तर तुकडा काढून ठरतं. तोंडातला कुठलाही चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत गेली नाही तर दाखवायचीच, हा आमचा नियम आहे. दिवाळी होऊन किती आठवडे झाले ते तूच मोज. हंगाम संपल्यावर जातो असं दादा म्हणेल. हंगाम संपेपर्यंत थांबायचं नाही. हा आठवडा.

आता तुझा पहिला प्रश्न. वाचलंस ते खरं आहे, पण दादानं त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे. हे समजावून घ्यायला फार लांब जायला नको, दादा जिथं ऊस घालतो तिथंच जाऊ.

उसाचा रस निघतो, साखर होते आणि मागे मळी उरते. ज्या कारखान्यांची डिस्टिलरी आहे ते मळीवर यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल बाहेर टाकतं. ते अल्कोहोल म्हणजे यीस्टचं मेटाबोलाइट. घरचं उदाहरण हवं तर विरजणाचं घे: दुधातली साखर जीवाणू खातात आणि लॅक्टिक आम्ल बनवतात, तोच दह्याचा आंबटपणा. जंतूनं काहीतरी खाल्लं आणि दुसरं काहीतरी बनवलं, एवढाच त्या जड शब्दाचा अर्थ. आता दादाला विचार: टाकीत मळीच सोडली नाही तर यीस्ट अल्कोहोल कशाचं करणार?

तोंडाचंही असंच आहे. आपल्या तोंडात सातशेहून जास्त जातींचे जीवाणू सापडले आहेत. एकट्या माणसात सगळे नसतात, पण गर्दी मोठी असते, आणि जिभेवर, गालावर, हिरडीच्या खाचेत वेगवेगळी वस्ती असते. त्यातले पुष्कळ उपयोगी आहेत. हे जंतू काय बनवतात ते आपण तोंडात काय घालतो त्यावर बरंचसं ठरतं. भाजी-भाकरीवर जगणारी वस्ती वेगळी, आणि दिवसातून आठ पुड्या मावा, वर चुना, रात्री कधी एखादा घोट, यावर पोसलेली वस्ती वेगळी.

दारूचं उदाहरण सगळ्यांत स्वच्छ आहे. दारू तोंडात गेली की नायसेरिया, काही स्ट्रेप्टोकोकस आणि कॅंडिडा नावाची बुरशी तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतात. हा पदार्थ पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतो. दारूबरोबर शरीरात येणाऱ्या अ‍ॅसिटाल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं पहिल्या गटात ठेवलं आहे, म्हणजे माणसात कॅन्सर करतो हे पुरेशा पुराव्यानं सिद्ध झालेल्या गोष्टींत. दात-हिरड्या खराब असलेल्या माणसाच्या लाळेत तितक्याच दारूपासून हे जास्त तयार होतं, असं अभ्यासात दिसलं आहे. इथं जंतू दोषी आहेतच. पण त्यांच्या हातात कच्चा माल दिला कुणी?

तंबाखूत तर जंतूंचं काम तोंडात जायच्या आधीच सुरू होतं. हा भाग सेमिनारमध्ये जरूर घे, मुलं सहसा विसरतात. तंबाखूच्या पानात नायट्रेट असतं. पान वाळवताना, मुरवताना त्यावरचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, आणि नायट्राइटची तंबाखूतल्या निकोटीनसारख्या द्रव्यांशी गाठ पडली की नायट्रोसमाइन बनतात. त्यातले एनएनएन आणि एनएनके हे दोन तंबाखूचे खास, आणि तेही पहिल्याच गटात. दादा पुडी फोडतो तेव्हा हे विष त्यात तयारच असतं. तोंडातल्या जंतूंकडून त्यात आणखी भर पडू शकते, पण मूळ साठा पुडीतून येतो. गुळणी कितीही केली तरी गालात तासभर दाबून ठेवलेल्या चोथ्यातून जे झिरपून गेलं, ते परत येत नाही.

सुपारीला तर जंतूंची गरजही नाही. तिच्यातलं अरेकोलिन अस्तराखालच्या पेशींना जास्त तंतू बनवायला लावतं आणि सुपारीतलं तांबं ते तंतू घट्ट करायला मदत करतं. म्हणून जबडा आवळतो. चुन्यानं तोंड अल्कधर्मी होतं, निकोटीन पटकन शोषलं जातं आणि सुपारीतल्या द्रव्यांपासून पेशींना जाळणारे ऑक्सिजनचे कण सुटतात. तंबाखू न घालता नुसती सुपारी खाल्ली तरी तिनं कॅन्सर होतो, हे त्याच संस्थेनं २००४ च्या अहवालात म्हटलं आहे. दादा उद्या 'तंबाखू सोडली, नुसती सुपारी घेतो' म्हणाला तर हे लक्षात ठेव. असं म्हणणारे मला आठवड्याला दोन तरी भेटतात.

मग ते फ्युजोबॅक्टेरियम आणि पोर्फायरोमोनास, ज्यांची नावं तू मोठ्यानं वाचत होतास? हे दोघं हिरडीच्या आजारात सापडणारे, ऑक्सिजन नको असणारे जीवाणू. तोंडाच्या कॅन्सरच्या गाठीत फ्युजोबॅक्टेरियम निरोगी जागेपेक्षा जास्त सापडतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पोर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस हिरडीच्या पेशींचं ठरलेलं मरण लांबवतं. बिघडलेली पेशी वेळेवर मरणं ही आपल्या शरीराची केवढी मोठी राखण आहे, हे तुला सांगायला नको. हिरडी वर्षानुवर्षं सुजलेली राहिली की तिथं दाहाची रसायनं सतत पाझरत राहतात. तोंडाच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू हाही जंतूंचाच मेटाबोलाइट. उंदरांवरच्या एका प्रयोगात कॅन्सर करणारं रसायन देऊन वर या दोन जंतूंची लागण केली, तेव्हा जिभेवरच्या गाठी जास्त वाढल्या. नीट बघ: रसायन होतंच, जंतूंनी जोर लावला.

पण गाठीत जंतू सापडला म्हणजे त्यानंच गाठ केली, असं लगेच म्हणता येत नाही. गाठीचा पृष्ठभाग फाटलेला असतो, आत ऑक्सिजन कमी असतो, मेलेल्या पेशींचं खाद्य असतं. अशा जागी असे जंतू मागाहूनही वस्तीला येतात. आणि २०२४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी तर उलटंच काही पाहिलं: डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये ज्यांच्या गाठीत फ्युजोबॅक्टेरियम होतं ते रुग्ण जास्त जगले, आणि प्रयोगशाळेत या जंतूनं कॅन्सरच्या पेशी मारल्या. आतड्याच्या कॅन्सरमध्ये हाच जंतू रोग वाढवतो असं दिसतं, आणि इथं हे! पोटाच्या हेलिकोबॅक्टर पायलोरीची गोष्ट वेगळी. तो जंतू कॅन्सर करतो हे १९९४ मध्येच मान्य झालं आणि तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. तोंडातल्या एकाही जीवाणूला आजवर तशी पक्की जागा दिलेली नाही. सुपारीला आहे, तंबाखूला आहे, दारूला आहे. सेमिनारच्या शेवटच्या स्लाइडवर हे लिहिलंस तर परीक्षक काय म्हणतील ते म्हणोत, मी तुला पूर्ण मार्क देईन.

माउथवॉशबद्दल मला जरा कळवळून लिहायचं आहे. मी सांगलीत सव्वीस वर्षं दवाखाना चालवते. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ दात साफ करून घ्यायला आले होते. कपडे टापटीप, तोंडाला पुदिन्याचा वास. दिवसातून तीनदा माउथवॉश करतो, असं त्यांनी अभिमानानं सांगितलं. जीभ वर करायला सांगितली, तर खाली डाळीएवढा लाल मखमली डाग. दुखत नव्हता, म्हणून त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. तंबाखूचा बार ते खालच्या ओठात ठेवायचे आणि गुळणी झाली की सगळं धुऊन गेलं असं समजायचे. लाल डाग पांढऱ्यापेक्षा जास्त वाईट असतो. तुकडा काढला, वेळेत ऑपरेशन झालं, आज ते चांगले आहेत. पण माउथवॉशच्या वासानं त्यांना स्वतःलाच फसवलं होतं, हे मी विसरले नाही.

माउथवॉश हा मावा खाणाऱ्याचं संरक्षण करत नाही. काही बाटल्यांत तर अल्कोहोलच असतं, भाजणाऱ्या तोंडाला ते आणखी झोंबेल. आणि जंतू सरसकट मारणं चांगलंही नाही. पालेभाजीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करणारे जिभेवरचे जीवाणू रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करतात. जंतुनाशक गुळण्या रोज करणाऱ्यांचा रक्तदाब काही अभ्यासांत किंचित चढलेला दिसला. तेच रसायन पालकातून आलं तर उपकार करतं आणि तंबाखूच्या संगतीत विष होतं, हे मला या विषयातलं सगळ्यांत विलक्षण वाटतं. प्रोबायोटिकच्या गोळ्यांनी तोंडाचा कॅन्सर टळतो असा पुरावा नाही. त्यावर पैसे घालू नकोस. मऊ ब्रशनं दोन वेळा दात घासणं, किटण काढून घेणं, हिरड्यांवर उपचार, हे मात्र जरूर करायचं. त्यानं दाह कमी होतो आणि डॉक्टरला तोंड नीट दिसतं. मावा चालू ठेवायची परवानगी त्यातून मिळत नाही.

आईच्या मिसरीचं. माझी आजी पत्र्याच्या डबीच्या झाकणात मिसरी घेऊन पहाटे चुलीपुढं बसायची, तंबाखू तव्यावर भाजल्याचा तो वास अजून नाकात आहे. तिच्याही तोंडी हेच होतं, किडे मरतात. मिसरी म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखू. तिनं किडे मरत नाहीत. हिरडी मागे सरते, दातांची मुळं उघडी पडतात आणि निकोटीनची सवय लागते. मिसरीशिवाय पोट साफ होत नाही म्हणतात, ते त्या सवयीमुळं. आईंना रागावू नकोस, एकदम हिसकावूही नकोस. दिवसात चार वेळा लावत असतील तर आधी दुपारची आणि रात्रीची बंद करा, सकाळी उठल्यावर कोमट पाणी द्या, आणि दादाबरोबर त्यांचंही तोंड दाखवून घ्या. 'दादाला एकट्याला लाज वाटते, तुम्ही चला' असं म्हणालास तर त्या येतील. आणि त्या निघाल्या तर दादाला नाही म्हणता येणार नाही. आपल्याकडं असंच चालतं.

दादाला सांगायचं कसं, हा तुझा खरा प्रश्न. तू त्याच्यापुढं पुस्तक घेऊन बसू नकोस. धाकटा भाऊ शिकून मला शिकवतोय, असं एकदा वाटलं की दार बंद. कॅन्सर शब्दानंही सुरुवात करू नकोस. तो रात्री ट्रॅक्टर लावून आला, हातपाय धुऊन बसला की त्याला म्हण, "दादा, मॅडमनी एक बघायला सांगितलंय, तुझी उजव्या हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घाल." स्वतःचीच बोटं, पुढच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये. निरोगी माणसाची तीन मावतात. तूही त्याच्यासमोर कर, वहिनींनाही करायला सांग. दोनच मावली तर त्याचं त्यालाच कळेल, आणि ते कुणी सांगितलेलं नसेल, त्याच्याच बोटांनी सांगितलेलं असेल. मग उसाच्या कांड्याची आठवण काढ. तो मावा का खातो तेही ऐकून घे. रात्री यार्डात नंबर लागेपर्यंत जागायचं, झोप लागली तर गाडी मागे पडायची, बरोबरचे सगळे पुडी पुढं करणारे. ही त्याची खरी अडचण आहे. तिला उत्तर न देता नुसतं सोड म्हणणं सोपं आहे, आणि त्याला ते पुष्कळांनी म्हटलं असणार.

सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस सगळ्यांत जड जातात. चिडचिड, डोकं जड, झोप मोडणं. तलफ येते ती काही मिनिटांची असते, तेवढी टाळली की ओसरते. निकोटीनच्या गोळ्या किंवा पट्ट्या डॉक्टरच्या सल्ल्यानं मिळतात. ज्याचा जबडा आवळलाय त्याला गम चघळण्यापेक्षा पट्टी बरी पडेल का, ते त्यांना विचारा. १८००-११-२३५६ हा सरकारी तंबाखूमुक्तीचा नंबर फुकट आहे, फोनवर समुपदेशन करतात. खिशात बडीशेप आणि पाण्याची बाटली राहू दे. सुगंधी सुपारी चुकूनही नको. जोडीचा एखादा ट्रॅक्टरवाला बरोबर सोडायला तयार झाला तर सोनंच.

दाखवायचं कुठं? सांगलीचं सिव्हिल किंवा मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, किंवा जवळचं दंत महाविद्यालय. तिथं तोंडाच्या आजारांचा वेगळा विभाग असतो. तपासणीला विशेष यंत्र लागत नाही. तिरुवनंतपुरमजवळच्या १३ पंचायतींपैकी सात पंचायतींत १९९६ पासून आरोग्य सेवकांनी घरोघरी जाऊन फक्त उजेडात लोकांची तोंडं बघितली, बाकीच्या सहा तुलनेसाठी ठेवल्या. २००५ मध्ये निकाल आला तेव्हा तपासणी झालेल्या पंचायतींत तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू बाकीच्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी होते. नुसतं बघून! आणि डॉक्टरनी तुकडा तपासायला काढूया म्हटलं तर घरात कुणीतरी नक्की म्हणेल, सुई लागली की पसरतो. तसं होत नाही. तुकडा तपासल्याशिवाय काय आहे ते कळत नाही, आणि या भीतीनं घरी बसलेली माणसं मी उशिरा आलेली पाहिली आहेत. मला ते अजून सोसत नाही. खर्चाची काळजी असेल तर कॅन्सरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

नुसता फायब्रोसिस निघाला तर मावा थांबल्यावर भाजणं कमी होत जातं. आवळलेला जबडा आपोआप पूर्ववत होत नाही, पण व्यायाम, औषधं आणि इंजेक्शनांनी थोडा सैल करता येतो. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या दातांमध्ये एकेक वाढवत घालायच्या, असा तो व्यायाम. कंटाळवाणा आहे, पण फरक पडतो. त्यानंतर दर काही महिन्यांनी तपासणी, डॉक्टर सांगतील तशी, आणि ती चुकवायची नाही.

फीच्या ओझ्याबद्दल तू लिहिलंस. दादानं तुला शिकवलं म्हणूनच तुला त्याच्या गालातलं पांढरं दिसलं आणि ते लिहावंसं वाटलं. दुसऱ्या कुणी त्या घरात ते बघितलं नसतं. त्यामुळं गप्प बसू नकोस. सेमिनारची तारीख पुढं ढकलली तरी चालेल.

आज रात्रीच त्याला बोटं घालायला सांग आणि किती मावली ते मला लिही. तोंड दाखवून आलात की तेही लिही.